नमुना सात

रात्री साडेआठला कूलरमध्ये दोन बादल्या ओतून
मी फोन भिंतीला टेकवते.
तिकडे कोलंबसला सकाळचे अकरा,
प्रियदीप दाढी करतोय, तोंडभर फेस,
आणि मी प्रश्न विचारते.
शंभरांतले दहा विचारतील, सहा तरी बरोबर यावेत.

सिनेटर किती? शंभर.
का? प्रत्येक राज्याला दोन.
म्हणजे (हे यादीत नाही, माझं मीच विचारते)
गडचिरोलीला दोन आणि मुंबईलाही दोनच?
तसंच, ताई. हसताना तो गाल कापून घेतो.

आई शेंगा सोलत ऐकते.
परवाच त्यानं तिला सांगितलं,
तिथं अध्यक्षाला लोक थेट निवडत नाहीत,
राज्याराज्यांतून पाचशे अडतीस जण निवडतात, मग ते निवडतात,
दोनशे सत्तर झाले की खुर्ची.
"मंग जास्त मतं भेटले तरी हारते?"
कधी कधी, आई.
"असं कसं बाप्पा!"
चार शेंगांनंतर म्हणाली,
"आपल्या इथी तरी कुठं पंतप्रधानाच्या नावाचं बटन रायते."

मतदान मंगळवारी. सुट्टी नाही.
पूर्वी घोडागाडीनं एक दिवस जायचा,
रविवार देवाचा, बुधवार बाजाराचा,
उरला मंगळवार.
घोडे गेले. मंगळवार आहे.

शाई?
शाई नाही, ताई. स्टिकर देतात, छातीवर लावायला.
मला लष्करीबागेची शाळा आठवते,
चव्वेचाळीस डिग्री, शाईची बाटली वाळूत रोवलेली,
आणि ती म्हातारी,
बोट पुढं करण्याआधी जिनं ते पदराला पुसलं.

आणि यादी घेऊन घरोघर कोण येतं?
कोणी नाही. आपणच जाऊन नाव घालायचं.
हे मला पटत नाही.
मी बीएलओ, भाग एकशे त्रेचाळीस,
कोणाकडे सून आली, कोणाचा म्हातारा गेला,
कोणाचं कुत्रं चावतं, सगळं मला ठाऊक.

फक्त नागरिकांवर असलेली एक जबाबदारी?
मत देणं.
अजून?
ज्यूरीत बसणं. पत्र आलं की जायचं,
अनोळखी अकरा जणांत बसून
एका अनोळखी माणसाचं ठरवायचं.
भीती नाही वाटत?
तो नळ बंद करतो. वाटते.

संविधानाचे पहिले तीन शब्द?
तो इंग्रजीत सांगतो, मी आईला मराठीत.
ती मान वर करते. विहारात दर सव्वीस नोव्हेंबरला
उभी राहून म्हणते ना ती.
"हे तं आपलंच हाय."

ऑगस्टात त्यानं शपथ घेतली.
फोटोत हातात वीतभर झेंडा, सूट जरा मोठा.

सप्टेंबरात मी नमुना सात काढला.
वगळावयाचे नाव: मेश्राम प्रियदीप सुखदेव.
अनुक्रमांक सहाशे बारा. मी सहाशे अकरा.
कारणांच्या चौकटी:
मृत. स्थलांतरित. दुबार. भारताचा नागरिक नाही.

कोणी विचारलं नसतं.
आई म्हणाली, "राहू दे ना. कोणाले काय खाते नाव?"
आई, ही मत देणाऱ्यांची यादी आहे,
घरातल्यांची नाही.
हे मी जरा मोठ्यानं म्हटलं.
मग खूण केली, पेन दोनदा झटकून.

नियम असा की जागेवर जाऊन पडताळणी
बीएलओनं करायची.
म्हणून मी ओळखपत्र गळ्यात घातलं,
बाहेर जाऊन स्वतःच्याच दाराची कडी वाजवली.
आई आली, हाताला पीठ.
मी विचारलं, सगळ्यांना विचारते तसंच,
प्रियदीप मेश्राम इथं राहतात का?

ती माझ्याकडे बघत राहिली.
"लिही," म्हणाली, "आंब्याच्या दिवसांत येते."

शेऱ्याच्या रकान्यात
तेवढी जागा नव्हती.