बहुधा

रात्रपाळी संपवून मी थेट पवईला उतरते.
हातांना अजून स्पिरिटचा वास,
डोळ्यांत काचपट्टीवरच्या पेशी.
बांधावर टिपणीसकाका आधीच हजर:
माकडटोपी, थर्मास, दोघांत एक दुर्बीण,
आणि ऑफिसातल्या जुन्या हजेरीबुकात
आखून घेतलेले पक्ष्यांचे रकाने.

"पिण्यासाठी बांधला हा तलाव," ते दर थंडीत सांगतात,
"आणि पाणी निघालं न पिण्याजोगं.
बरं झालं. नाहीतर आपण नळातून संपवलं असतं सगळं."

धुकं म्हणावं तर धूर, धूर म्हणावं तर धुकं.
जलपर्णीवरून कमळपक्षी चाललाय
लांब बोटं जपून टाकत,
नुकत्याच पुसलेल्या लादीवरून चालावं तसा.
पाणकावळ्याने स्वतःलाच वाळत घातलंय.
परवा मी बगळा म्हणून नोंदवलं
ते थर्माकोल आज दुसऱ्या काठाला लागलंय.

कठड्यावर धोबी आला का? आला.
नऊ नोव्हेंबरला. गेल्या वर्षी अकराला.
शेपटी खालीवर, खालीवर.
कुठल्या घाटावरून आलास, विचारायची सोय नाही.

काकांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू.
दुर्बिणीची कडी त्यांच्या डोळ्याला लावलेली;
मी मागितली की मलाही त्यांचंच धुकं दिसे.
मी फिरवायची, ते परत फिरवायचे.
सहा हिवाळे असेच गेले.
पलीकडच्या लव्हाळ्यापाशी तरंगणारे करडे ठिपके,
आणि त्यांच्यापुढे दर वेळी तेच अक्षर:
भुवई बदक, बहुधा.
एकेचाळीस, बहुधा.

जानेवारीत डोळ्याचं ऑपरेशन झालं.
फेब्रुवारी अर्धा सरल्यावर आले, काळा चष्मा लावून.
तो काढून खिशात ठेवला,
कडी शून्यावर आणली, कोपरं टेकली,
आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.
चहा गार झाला. मागे एक बस थांबली, निघून गेली.
"अगं," म्हणाले, "भुवई आहे की खरंच!
पांढरीशुभ्र. थेट मानेपर्यंत."

मी पेन पुढे केलं.
म्हटलं, मागचं सगळं दुरुस्त करून टाकू.
त्यांनी पानं उलटली, मागे, आणखी मागे,
एकेका 'बहुधा'वर बोट ठेवत.
"राहू दे. तेव्हा बहुधाच होती ती."

तेवढ्यात ससाणा फिरला
आणि सगळा थवा पाण्यावरून उठला.
आजच्या रकान्यात नुसतं भुवई बदक.
आकड्याची जागा कोरी.
बघण्याच्या नादात
मोजायचं राहूनच गेलं होतं.