खोली एकशे सतरा : इतिवृत्त

सोहार बंदराच्या मागं, चिमणीच्या धुराखाली
आमचा बी ब्लॉक.
खोलीत आठ खाटा, एक दिवा
आणि दिव्याचं बटण वर्कीच्या उशाशी.

ती खाट आधी वर्कीच्या चुलत्याची.
चुलता मायदेशी गेला, खाट पुतण्याकडे आली,
खाटेबरोबर बटण.
राजाचा वारस राजा, हे कुणाला शिकवावं लागत नाही.
वर्की वाईट नव्हता. झोप आली की दिवा मालवायचा.
नाही आली
की आम्ही सगळे जागे.

मग आमचाच बबन सातपुते फोरमनच्या मर्जीत बसला.
त्यानं बटणावर चिकटपट्टी मारली,
माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.
सहा महिने.
शिस्त होती, खोटं कशाला बोलू,
बनियनसुद्धा दोरीवर रांगेत वाळायचे.
बोलणं तेवढं कमी झालं.

फोरमन बदलला, चिकटपट्टी सुटली,
आणि नरसय्या म्हणेल ती वेळ झाली,
कारण चौघांनी त्याच्याकडून रियाल घेतले होते.
देणेकरी कितीही असोत,
मोजायला बसलं की एकच मत.

लवू शिगवण मार्चात आला.
गावी पाच वर्षं सदस्य. दुसऱ्या वेळी
दोनशे अकरा, समोरच्यालाही दोनशे अकरा.
अंगणवाडीतल्या पोरीला चिठ्ठी उचलायला लावली.
"पोरीनं डावा हात घातला," तो सांगतो,
आणि पाइपांना इन्सुलेशन गुंडाळत राहतो.

तो म्हणाला, सभा घ्या.
सूचक कोण, अनुमोदक कोण?
गुलरेझला तो शब्द उच्चारता येईना, तरी तोच झाला.
मतपेटी : खजुराचा रिकामा डबा.
हरभरा टाकला तर दिवा दहाला बंद,
राजमा टाकला तर साडेअकराला.
डबा संडासात. एकेकानं जायचं, कडी लावायची.
बबन म्हणाला, सरळ हात वर करा की.
लवू म्हणाला, हात वर करण्याआधी
माणूस शेजाऱ्याकडे बघतो.

नरसय्याचे चौघे एकेक करून आत गेले,
बाहेर आले तेव्हा
त्याच्याकडे न बघता आले.

सात हरभरे. एक राजमा.

राजमा कुणाचा हे गुपित राहणार नव्हतं.
तिलबहादूर अकराला सुटतो,
सव्वाअकराला अंधारात डबा उघडतो,
भात कुठला, आमटी कुठली, बोटांनी शोधतो.

मी वही मिटायला लागलो.
लवूनं वहीवर पंजा ठेवला.
"मोजणी झाली. सभा संपली नाही.
त्याचं म्हणणं लिही."
पडलं ना ते, मी म्हटलं.
"पडलेलंच लिहायचं असतं.
जिंकलेलं बटणावर दिसेलच."

लिहिलं : विरोध, एक.
कारण, जेवताना ताट दिसावं.
तिलबहादूरनं ते हिंदीत दोनदा सांगायला लावलं,
मग आपल्या बापाच्या नावासकट
लांबलचक सही केली.

हे सगळं खोलीपुरतं.
दाराबाहेर कंपनीचा नियम, गेटाबाहेर देशाचा,
तिथं आम्हाला कुणी विचारलेलं नाही.
आम्हीही करारावर सही करताना
पगाराचा आकडा सोडून काही विचारलं नव्हतं.

नोव्हेंबरात गावाकडे मतदान झालं.
लवूच्या बायकोनं शाईच्या बोटाचा फोटो पाठवला.
त्यानं तो मोठा करून पाहिला, मग फोन लावला.
यादीत माझं नाव आहे का गं?
आहे, ती म्हणाली.
पुढं शेरा मारलाय, स्थलांतरित.

त्या रात्री दिवा ठरावाप्रमाणे दहाला गेला.
सव्वाअकराला दार करकरलं,
आणि कुठल्याशा खाटेवरून
मोबाइलचा उजेड तिलबहादूरच्या डब्यावर पडला.
कुणाचा, ते अंधारात कळलं नाही.

रोज पडत नाही.
काल मीच झोपेचं सोंग घेतलं होतं.

पुढची सभा शुक्रवारी, नमाजानंतर.
विषय क्रमांक एक :
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.