नोंदीत नसलेलं

बावीस वर्षं मी तिचं बोलणं टिपतोय.
डुलूथच्या कोर्टात, दुसऱ्या मजल्यावर,
पिंजऱ्याच्या पायाशी माझं बोटभर यंत्र,
आणि वकील आउने कोस्केलाचे शब्द
माझ्या हातांतून सरकत जातात
ओल्या जाळ्याच्या दोरासारखे.

उलटतपासणीत ती आवाज चढवत नाही.
साक्षीदार खोटं बोलला की चष्मा काढते,
काच पुसते, सावकाश,
आणि एवढंच म्हणते, "बरं. मग?"
त्या 'मग'वर भलीभली माणसं घसरताना पाहिली मी,
नोव्हेंबरातल्या पायरीवर घसरावीत तशी.
चष्मा पुसणं मात्र नोंदीत येत नाही.
नोंदीत फक्त बोललेलं.

आधी तिच्या खिडकीत रात्री दोनला दिवा असायचा.
गाडीच्या मागच्या सीटवर उशी,
पर्समध्ये परवाचं सँडविच, फायलींना कॉफीचे गोल डाग.
खनिजाच्या धक्क्यावर हात गमावलेल्या
राइनो म्याकेलाचा खटला तिने जिंकला,
शहरभर नाव झालं.
दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात, चिप्सच्या यंत्रापाशी,
ती मला म्हणाली (मला म्हणजे तिथे दुसरं कुणी नव्हतं),
"काल जेवताना मुलाने विचारलं,
आई, फक्त हो की नाही एवढंच सांगायचं का?"
हसली.
नाणी आत गेली होती, पाकीट पडत नव्हतं.
ती बटण दाबत राहिली.

पुढच्या वसंतात, एका लांबलेल्या खटल्याचा अकरावा दिवस,
गुरुवार, साडेतीन.
ती उठली. "युवर ऑनर, आज चारला थांबूया."
"कारण?"
"तालीम आहे. मी अकॉर्डियन वाजवते."
प्रतिपक्षाचा वकील खोकल्यासारखं हसला.
"वाईट वाजवते," तिने भर घातली.
न्यायाधीश टॉर्गेसन बाई कागदावरून डोळे न काढता म्हणाल्या,
"मग तालीम हवीच. मंजूर."
हे सगळं मी टिपलं,
स्वल्पविरामासकट.
अपिलात कुणी वाचलंच तर वाचो.

म्हणून ती बदलली, असं काही नाही.
त्या लहान मुलीचा खटला हरली तेव्हा
तीन दिवस फोन उचलला नाही;
नवरा सांगत होता, नुसता सौना तापवायची,
आत बसायची, बाहेर येऊन बर्फात उभी राहायची,
पुन्हा आत.
चौथ्या दिवशी मुलीच्या आईकडे गेली.
काय बोलली, ठाऊक नाही. तिथे मी नव्हतो.
त्या गुरुवारी तालमीलाही गेली,
आणि म्हणे नेहमीपेक्षा वाईट वाजवलं.

परवा ज्यूरी आत जाऊन सहा तास झाले होते.
सरोवराकाठच्या बाकावर ती संत्रं सोलत बसलेली,
दूर एक मालवाहू जहाज, भोंगा,
वारा असा की डोळ्यांतलं पाणी कुणाचं ते कळू नये.
अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवून तिने विचारलं,
"ऑर्व्हिल, तुम्ही घरी गेल्यावर काय करता?"

उत्तर आधी माहीत नसलेला प्रश्न
तिच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.
यंत्र वर होतं.
बोटं गुडघ्यावर उगीच हलली.

मी म्हणालो, मधमाश्या.
अंगणात चार पेट्या आहेत.
हिवाळ्यात त्या एकमेकींना बिलगून गोळा होतात,
थरथरून ऊब धरतात.
रात्री मी पेटीला कान लावतो.
ऐकू आलं, तर झोप येते.

शिपाई दारातून हात हलवत होता. ज्यूरी परतली होती.
तिने साली कोटाच्या खिशात कोंबल्या,
उठली, चष्मा पुसला.
"बरं," ती म्हणाली. "मग?"

पायऱ्यांवर बर्फ होता.
आम्ही कठडा धरून सावकाश चढलो,
आणि मी सांगत राहिलो.