कंडम

उद्यमनगरात पहिल्या दिवशी मला
एक लाल खडू मिळाला आणि एक शब्द.
खडूनं फुली मारायची, शब्द तोंडानं म्हणायचा,
मग पोरं तो नग मागच्या ढिगात टाकत.

टोला मारायचे दस्तगीर शिकलगार.
पाव किलोची हातोडी, मुठीला चिंध्या.
पंपाचं केसिंग साखळीला टांगून, एकदाच.
ठण्ण! चहा येईस्तोवर वाजत राहायचं.
थद् म्हणजे आत हवा अडकलीय, नाहीतर चीर.
"नाद खुळा हाय हिचा," चाचा म्हणायचे
आणि मला हसू यायचं. तिकडं रंकाळ्यावर
हेच दोन शब्द पोरं गाडीमागं लिहून फिरतात,
कौतुकानं.

"कंडम कुठनं आलं, चाचा?"
"माझा आजा मिरजेच्या यार्डात हमाल.
सायेब डब्यावर चुन्यानं कायतरी लिवायचा.
आज्याला वाचाय कुठलं येतंय?
पर लिवलेला डबा परत दिसायचा न्हाई.
त्याला वाटायचं, गावाचं नाव असंल.
लांब कुठंतरी कंडम. तिकडं जात्यात डबे."

कुरण्यांची सुलक्षणा वकिली शिकते. ती म्हणाली,
कोर्टातला शब्द आहे, इंग्रजांचा.
फाशी सुनावलेल्या माणसाला लावायचे.
त्याच्याही आधी लॅटिन. तिथं मुळाशी
नुसतं 'नुकसान'.

आमच्याकडं शिक्षा तशी हलकी.
बुधवारी भट्टी, शुक्रवारी पुन्हा पंप.
पण गावात हा शब्द एस.टी.ला लागतो,
बॉलपेनला, पातळ रश्श्याला,
गुडघ्यालासुद्धा.

गेल्या श्रावणात तीन चिरलेले नग पुढं गेले.
इचलकरंजीहून परत आले, चिठ्ठीसकट.
मालक काही बोलले नाहीत.
चाचांनी एक टांगला, टोला मारला,
साखळी हलायची थांबली तरी बघत राहिले,
मग मला विचारलं,
"वाजलं?"

सोमवारी सुट्टी. मंगळवारी आले ते डबा न आणता.
हातोडी माझ्या टेबलावर ठेवली,
खडू मागून घेतला,
आपल्याच शर्टाच्या खिशावर फुली मारली, वाकडी.
"चलतो. आज्याच्या गावाला."

आता टोला मी मारतो. चिंध्या त्याच आहेत.
फुली मारतो, पण शब्द काही म्हणत नाही.
पोरं नग धरून उभी राहतात
आणि विचारतात, साहेब,
ह्याचं काय करायचं?