अर्धी होडी

त्या उत्तरेच्या बेटावर
नोव्हेंबरात गेलेला सूर्य जानेवारीतच उगवतो.
तोवर दिवा, तोवर माशाच्या तेलाचा वास,
तोवर द्राउगच्या गोष्टी.

द्राउग म्हणजे बुडालेला माणूस,
ज्याच्या वाट्याला मूठभर मातीही आली नाही.
अंगात चामड्याचा डगला, मानेवर
डोक्याच्या जागी शेवाळाचा झुबका.
अर्धी होडी वल्हवत येतो.
अर्धीच. मधोमध तुटलेली, तरी बुडत नाही.
ज्याला दिसली
त्यानं देणीघेणी मिटवून ठेवावीत.

आसलाउगच्या अंगणात अर्धी होडी आहे.
नाळेकडची.
मार्चच्या वादळानंतर लाटांनी खडकावर फेकली,
हालवारशिवाय.
बुडताना रानला द्यायला खिशात सोनं लागतं,
ती चर्चच्याही आधीची देवी, जाळं टाकून बसलेली.
हालवारच्या खिशात तंबाखू होती.

होडीवर त्यानं बायकोचं नाव रंगवलं होतं.
आता फक्त 'आस' उरलंय,
पुढची अक्षरं पाण्यात.

आसलाउगनं ती उपडी घातली,
खाली मेंढ्या बांधल्या.
पाद्री म्हणाला, जाळून टाक, अशुभ असतं.
ती म्हणाली, छप्पर गळत नाही.

मी तेव्हा दहा वर्षांची.
नाताळच्या आदल्या रात्री
आईनं उसनं रॉकेल आणायला तिच्याकडे पाठवलं.
दार उघडं, चुलीवर लापशी, घरात कोणी नाही.
कंदील खाली, किनाऱ्यावर.

ती उभी होती पाण्याच्या कडेला,
हात कमरेवर,
उशिरा घरी आलेल्या माणसापुढे
उभं राहावं तशी.

"यंदा नको," ती म्हणत होती,
"मेंढी गाभण आहे, करडी.
थंडीत छप्पर कसं काढू?
सुकाणू आहे ना तुझ्याकडे?
मग भागव."

मी पाठ केली. डोळे गच्च मिटले.
वल्ह्याचा आवाज आला,
एकाच बाजूचा.
मग तोही लांब गेला.

रॉकेल देताना तिनं मला लापशी वाढली.
वर लोण्याचा गोळा.
दुसरी थाळी भरलेलीच होती,
गार होत चाललेली.

"पाहिलंस?" तिनं विचारलं.
मी नाही म्हणाले.

"बरं केलंस," ती म्हणाली,
"मी चौदा वर्षं पाहतेय."
आणि ती दुसरी थाळी उचलून
मेंढ्यांकडे गेली.