सुई उडते तिथं

मंगळवार बाजारात, दस्तगीरच्या पथारीवर,
शिलाई मशीनच्या पायट्याखाली ती तबकडी निघाली.
कव्हरवर एक टोपीवाला, मागं पिवळं गवत,
मांडीवर आडवी गिटार,
झोपवलेल्या पोरासारखी.
नाव पाण्यानं धुऊन गेलेलं.
दस्तगीर म्हणाला, गाणं नाही ह्यात, नुसतं वाजवलंय,
आणि स्वतःहूनच पाच रुपये कमी केले.

माझे वडील, अंबादास इराबत्ती,
साखर पेठेत रेडिओ दुरुस्त करायचे.
रिठ्याच्या पाण्यानं त्यांनी ती पुसली
आणि ट्रकच्या बॅटरीवर प्लेअर जोडला,
कारण लाईट गेली होती
आणि लाईट गेल्याशिवाय आमच्या गल्लीत
काही ऐकू येत नसे.
बावीस माग थांबले
आणि त्या खड्ड्यात ती गिटार उतरली.

समोरच्या ओट्यावर सत्तेम्मा, मांडीवर सूप, सुपात विड्या.
हात थांबला तिचा.
‘कोण रडूलालंय की बे ह्यात?’
कोणी नाही, मावशी. तारेवरून सळई सरकवतात.
‘सळई असू दे. रडूलालंय.’

दूधवाला शिवलिंगप्पा कॅन खाली ठेवून म्हणाला,
जनावर लांब गेल्यावर असंच हाक मारतेत.
त्यानं कव्हर बघितलंही नव्हतं.

रिटायर गार्ड शमुवेल भोसलेंनी बोट वर केलं:
मालगाडी. होटगीच्या वळणावर. रिकामी.
रिकामी कशावरून?
भरलेले डबे गात नाहीत.

बँडवाला कोंडिबा म्हणाला, ह्यावर वरात चालत नाही,
मयतही चालत नाही, काय कामाचं?
आणि दर खेपेला सगळ्यात आधी येऊन बसला.

नरसय्याला तीस वर्षांच्या मागानं बहिरं केलेलं.
त्यानं खोक्यावर तळवा ठेवला, डोळे मिटले,
खूप वेळानं म्हणाला, ताणा सैल आहे ह्याचा.
मुद्दाम सोडलाय.

तिसऱ्या धुनीत मध्येच एक चरा.
सुई तिथं उडायची,
सूर पायरी चुकल्यागत पुढं पडायचा.
वडिलांनी सुईवर पैसा ठेवून बघितलं, नाणं बदलून बघितलं,
मग सोडून दिलं.
हळूहळू गल्लीला ती उडी पाठ झाली.
तिथं आलं की शमुवेल मान झटकायचे, कोंडिबा चुटकी वाजवायचा,
मी रांगोळी ओलांडावी तसा पाय उचलायचो,
बसल्या जागी.
एप्रिलच्या दुपारी, बेचाळीस डिग्रीत,
लोक लाईट जायची वाट बघायचे.
वीज मंडळाला हे कधी कळलं नाही.

आता लाईट जात नाही.
मागही फारसे नाहीत, एका शेडमध्ये मंगल कार्यालय झालंय.
वडील गेले त्या वर्षी बॅटरी भंगारात दिली,
तबकडी कुणी नेली ते आठवत नाही,
बहुतेक मीच कुठंतरी ठेवली.

परवा तीच धून मला फोनवर सापडली,
धुऊन पुसून, एक चरा नाही.
सत्तेम्माकडं गेलो. नव्वदीची आहे, बोटं अजून चालतात.
छोटा स्पीकर ओट्यावर ठेवला.
ती ऐकत राहिली,
आणि उडीची जागा आली
आणि उडी आली नाही.
तिथं अकरा सूर होते.
साधेच, एक एक करून खाली उतरणारे,
कोणी अंगणातून घरात यावं तसे.
इतकी वर्षं आम्ही त्यांच्यावरून उडी मारत होतो.

माझा पाय उचललेलाच राहिला.

‘हा मध्येच कोण बोलूलालाय?’ सत्तेम्मा म्हणाली.
तोच आहे मावशी, तेच गाणं.
‘नाही बे. अंबादासच्यात हा नव्हता.’

मी पुन्हा लावू का विचारलं.
तिनं विडीला दोरा गुंडाळला, दोन वेढे,
कात्री शोधली, सापडेना,
आणि दोरा तसाच धरून बसली.