कडेचं दिसणं

माणसाचा डोळा कापायला मिळत नसे.
म्हणून दर गुरुवारी उदगीरच्या खाटीक गल्लीतून
स्टीलच्या डब्यात बकऱ्यांचे डोळे यायचे,
चौदा जणींना सात.
डबा पाठवतं कोण, आम्ही कधी विचारलं नाही.
फॅन लावायचा नाही एवढं ठरलेलं.

पारपटल ब्लेडला लवकर दाद देत नाही,
भिजल्या पुठ्ठ्यासारखं चिवट.
मग एकदम पाणी. थोडंसं, रडल्याइतकंही नाही.
बुब्बुळाची करडी झालर,
झालरीमागे भिंग,
शिजलेल्या साबुदाण्यासारखं, पण बोराएवढं.
प्रयागनं ते पेपरावर ठेवलं
तर बाजारभावातल्या तुरीचा 'तु' फुगून वर आला.
आम्ही ओरडलोच.

सगळ्यात मागे मोरपंखी चकाकी.
मॅडम म्हणाल्या, ही माणसाला नसते,
परीक्षेत लिहू नका.

एकवीस वर्षं झाली त्याला.
आता सरकारी दवाखान्यातली अंधारी खोली माझी.
हनुवटी इथं ठेवा, कपाळ टेकवा, माझ्या कानाकडे बघा.

मंगळवारी गफूर कुरेशी आले. वय सदुसष्ट,
डाव्या अंगठ्याला तीन टाके.
"सुरी चुकत नाही बाई माझी.
अंगठाच कुठून आला, समजलं नाही.
मोती असंल. काढून टाका."

भिंग स्वच्छ होतं.
दाब छत्तीस.
आत, जिथून शीर निघते,
तिथे वाटीसारखा खड्डा, पार काठापर्यंत.
पाणी झिरपत राहिलं आणि मोरी तुंबली,
इतकंच झालं होतं, किती वर्षं कोण जाणे,
दुखल्याशिवाय.
मोती काढता येतो, चाचा.
ही काच आहे.

शीर जिथून बाहेर पडते
तिथे कुणालाच काही दिसत नाही, मलाही नाही.
मेंदू शेजारचं कापड ओढून रफू करतो
आणि आपण म्हणतो, सगळं दिसतंय.
चाचांच्या डोळ्यांत आता रफूच फार,
मूळ कापड मधोमध, भाकरीएवढं.
म्हणून मोटारसायकली हवेतून निघतात,
नात जिन्यावर नसते आणि एकदम असते.

"गेलेलं येईल?"
"नाही. राहिलेलं राहील. रोज रात्री एकेक थेंब.
सोडायचं नाही. रोजा असला तरी रात्रीच आहे."

ते मान हलवत राहिले. मग म्हणाले,
"तुमच्या कॉलेजला डबे मीच पाठवायचो.
ताजे बघून. मोती पडलेला एक नाही घातला कधी."

मी खालची पापणी ओढली.
थेंब पडला, गालावरून अर्धा वाया गेला.
दुसरा टाकला.

"आणि ते मागचं," डोळे मिटूनच त्यांनी विचारलं,
"हिरवं-निळं चमकतं ते. माझ्यात दिसलं का?"
"ते माणसाला नसतं, चाचा."
"अस्सं."

जाताना त्यांचा पाय स्टुलाला लागला.
स्टूल नेहमी तिथेच असतं.
पुढच्या पेशंटला हाक मारायच्या आधी
मी ते भिंतीला लावलं.